चार बोटं माती

बुटकेकाकांची उंची सहा फूट दोन इंच. हे मी खात्रीने सांगतो, कारण त्यांचे शर्ट मीच शिवतो आणि दर वेळी कापड जास्त घ्यायला सांगावं लागतं. बुटके हे नाव पडलं त्यांच्या झाडांमुळे. रोपवाटिकेच्या फाटकावर त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी रंगवली होती, ‘काटक आणि बुटकी फळझाडं’. त्यातलं काटक लोकांनी सोडून दिलं आणि बुटकं काकांना चिकटवलं. काकांना त्याचं काही वाटत नसे. रस्त्यातून कोणी ‘ओ बुटके’ म्हणून हाक मारली की हा एवढा थोरला माणूस वळून ‘काय म्हणता’ विचारायचा.

त्यांच्याबद्दल लिहायला मी काही लेखक नाही. शिंपी आहे. पण या माणसाचं सव्वीस वर्षांचं काम माझ्या एका ‘नाही’ने मातीत गेलं, आणि ते ‘नाही’ म्हणताना ते खोटं आहे हे मला माहीत होतं. तीन वर्षं मी ते पोटात घेऊन शिलाई मशीन चालवली. आता सांगून झालंय, पण सांगून मोकळं वाटतं असं जे म्हणतात ते काही खरं नाही.

आधी त्यांचं काम सांगतो, म्हणजे मी काय केलं ते कळेल. कलमी झाड दोन तुकड्यांचं असतं. खाली मुळांसकट खुंट, वर चांगल्या फळाची काडी, आणि दोन्ही जिथे जुळतात तो सांधा. खुंट ठेंगण्या जातीचा असला की वरचं झाडही ठेंगणं राहतं. कोटाला अस्तर आखूड लावलं की ते वरच्या कापडाला ओढून धरतं, तसंच. झाड सात-आठ फुटांवर थांबतं, फळं लवकर धरतं आणि हाताने तोडता येतात. ज्यांच्या घरामागे वीतभर जागा आहे अशा आमच्यासारख्यांसाठी ही सोय.

काकांची सगळी मदार होती ती खुंटांच्या एका वाफ्यावर. ज्या म्हाताऱ्याकडे ते कलमं बांधायला शिकले, त्याने हात थकल्यावर त्यांना आपले बारा मूळ खुंट दिले होते. त्या बारांच्या काकांनी चार लांब ओळी केल्या. दर हिवाळ्यात ते खुंट जमिनीलगत कापायचे, फुटवे आले की त्यांच्या बुडाशी मातीची भर घालायची, मातीत दडलेल्या भागाला मुळं फुटायची, मग एकेक फुटवा सोडवून घ्यायचा आणि त्यावर कलम बांधायचं. बाहेरचा एकही खुंट त्यांनी त्या वाफ्यात शिरू दिला नाही. वाफ्यातलं गवतही ते स्वतः काढत, काकूंनासुद्धा हात लावू देत नसत. काकू म्हणायच्या, “माझ्यापेक्षा त्या वाफ्याशी जास्त बोलतात. मीही बोलू देते, तेवढीच मला शांतता.”

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तो बायकोच्या हट्टापायी. घर घेतलं तेव्हा मागे उघडी जागा मिळाली होती आणि तिच्या डोक्यात अक्रोड होता. लहानपणी तिच्या आजोळी अक्रोडाचं झाड होतं म्हणे.

“किती जागा आहे?” काकांनी विचारलं.

“बारा बाय पंधरा.”

“पावलं की फूट?”

“फूट. टेप लावून मोजलीय. शिंपी आहे मी.”

“मग बरंय. अक्रोड लावा. पण आधी घर पाडा, नाहीतर तो पाडेल.”

बायको हसली. मला राग आला. दुकानात गिऱ्हाईक आलं की त्याला हवं ते काढून दाखवायचं, ही माझी रीत. हे गृहस्थ झाड विकण्याआधी उलटतपासणीच घेत बसले. ऊन कुठल्या बाजूने येतं? वारा कुठून? नळ किती लांब? घरात झाडाकडे बघणार कोण, आणि खरं सांगा, बघणार का? शेजारी कोण राहतं, त्यांची खिडकी कुठे उघडते?

“मग बदाम?” बायकोने विचारलं.

“बदामाला फार घाई असते, ताई. थंडी पुरती जात नाही तोच फुलून बसतो. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मग एक कडक थंडीची रात्र आली की सगळा मोहोर खाली. तुमच्या मागच्या बाजूला वाराही फार आहे. काहीतरी काटक घ्या. तुमच्या घरात उंच कोण?”

“हे,” बायको माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. “पाच फूट पाच.”

“मग हात सात फुटांपर्यंत पोचेल. शिडी लागणार नाही असं देतो. साठी उलटली की माणसं झाडावरून पडत नाहीत, शिडीवरून पडतात.”

शेवटी त्यांनी ठेंगण्या खुंटावरचं एक सफरचंद दिलं, कुंडीत लावायला एक अंजीर, आणि कुंपणाच्या कडेला हेझलनटची दोन झुडपं. बायकोने हेझलनट म्हणजे काय विचारलं तर म्हणाले, “चॉकलेटात दाताखाली येतं ते. दोन घ्या, एकटं फळत नाही.” अक्रोडाची हौस तिने त्यावर भागवली.

सफरचंदाचं रोप हातात देताना त्यांनी माझा उजवा हात धरला. चारही बोटं एकमेकांना चिकटवून खोडावर आडवी टेकवली, बरोबर सांध्याच्या खाली.

“मास्तर, हे तुमचं माप. सांधा जमिनीच्या चार बोटं वर. आज, उद्या, कायम. सांध्याला माती लागली की वरच्या काडीला स्वतःची मुळं फुटतात. मग तिला खुंटाची गरज राहत नाही, आणि ती माझं ऐकत नाही. मग ती झाड होते. खरं झाड.”

“कळलं,” मी म्हणालो. शिंप्याला माप दोनदा सांगावं लागत नाही, असंही वर ऐकवलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

त्यानंतर आमची ओळख वाढली. रविवारी दुकान बंद असायचं, तेव्हा मी त्यांच्याकडे जायला लागलो. ते कलमं बांधायचे, मी पट्ट्या कापून द्यायचो. माझ्या कात्रीचं त्यांना फार कौतुक होतं. स्वतःबद्दल ते फारसं बोलत नसत. लेकरूबाळ नव्हतं, त्याचा विषय कधी निघाला नाही. कोणी झाड बघायला बोलावलं की मात्र हातातलं काम टाकून जायचे. विकलेल्या प्रत्येक झाडाची त्यांच्याकडे वही होती, कोणाच्या घरी, कुठल्या भिंतीलगत, किती उंच झालं, सगळं.

त्याच पहिल्या वर्षी वसंतात वादळी वारा सुटला. झाडाला आधाराला खुंटी ठोका म्हणून काकांनी सांगितलं होतं. मी ठोकला होता जुन्या झाडूचा दांडा. तो मोडला आणि रोप कललं. त्याच आठवड्यात मी काकांना वाफ्यात फुटव्यांच्या बुडाशी फावड्याने माती चढवताना पाहिलं होतं. किती मायेने चढवत होते, वर हाताने थापटत होते. मी घरी आलो, रोप सरळ केलं आणि तशीच माती चढवली. चांगली वीतभर. तशीच थापटलीही.

मला चार बोटं आठवली नाहीत असं नाही. आठवली. पण मनात म्हटलं, ते स्वतः चढवतात की, मग थोडी माती चढवली तर काय बिघडलं. वाफ्यात माती चढवतात ती मुळं फुटावीत म्हणून, आणि माझ्या झाडाला नेमकी तीच फुटायला नको होती, हे समजण्याइतकं डोकं मी चालवलं नाही. उन्हाळ्यात बायकोने त्या उंचवट्याभोवती फरशा बसवून घेतल्या, बसायला छान ओटा झाला. सांधा त्या फरशांखाली गेला आणि माझ्या डोक्यातूनही.

झाड वाढत गेलं. पहिल्यांदा मला अभिमानच वाटला. तिसऱ्या वर्षी सफरचंदं लागली, गिऱ्हाइकांना मी एकेक वाटलं. पाचव्या वर्षी झाड छपराला टेकलं. सहाव्या वर्षी ते छपरावरून शेजारी डोकवायला लागलं. आमच्या शेजारी एक निवृत्त नर्सबाई राहतात, एकट्या. त्यांचं स्वयंपाकघर आमच्या भिंतीला लागून. त्यांच्या पन्हाळीत आमची पानं अडकायला लागली, पाणी भिंतीत मुरायला लागलं, आणि भर दुपारी त्यांना दिवा लावून भाजी चिरावी लागायची.

“हे बुटकं झाड आहे ना?” त्या एकदा भिंतीवरून म्हणाल्या. “मग उंच कसं असतं तुमच्यात?”

ते मला झोंबलं. आधीच माझा स्वभाव तापट, त्यात बाई शांतपणे बोललेल्या. मी तसाच रोपवाटिकेत गेलो. शनिवार होता, सात-आठ गिऱ्हाइकं होती. काका एका जोडप्याला नासपतीचं रोप दाखवत होते. मी सगळ्यांसमोर तोंड सोडलं. बुटकं म्हणून ताडमाड झाड गळ्यात मारलंत, शेजाऱ्यांशी भांडायची वेळ आणलीत, पाटीवर एक आणि वाफ्यात एक, असं कायकाय बोललो. शिंप्याने माप चुकवलं तर कापड भरून देतो, तुम्ही काय भरून देणार, हेही विचारलं. त्या जोडप्याने नासपती हळूच खाली ठेवली.

“सोमवारी येऊन बघतो,” एवढंच काका म्हणाले.

सोमवारी सकाळी ते आले. सोबत टेप, वही. भिंतीपलीकडे नर्सबाई उभ्या होत्या, समोरचा लाँड्रीवाला मुद्दाम आत आला होता, बायको दारात होती. शनिवारचं भांडण सगळ्या गल्लीला कळलं होतं. काकांनी झाड मापलं. अठरा फूट. त्यांनी पानं बघितली, फांदी वाकवून बघितली, मग ओट्यापाशी उकिडवे बसले आणि फरशीवर हात फिरवला.

“मास्तर,” त्यांनी मान वर करून विचारलं, “सांध्याला माती तर नाही ना चढवली कधी?”

त्या क्षणाला मला सगळं आठवलं. झाडूचा दांडा, फावडं, थापटलेली माती. ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं आणि नर्सबाईंकडे नजर गेली, लाँड्रीवाल्याकडे गेली. शनिवारी मी ज्या आवाजात बोललो होतो तो माझ्याच कानात वाजला. नाचता येईना अंगण वाकडं, असं गल्ली म्हणणार. पुढची दहा वर्षं म्हणणार.

“नाही,” मी म्हणालो.

“नक्की?”

“मला माप दोनदा सांगावं लागत नाही.”

दुसरा कोणी असता तर त्याने फरशी उचलून बघितली असती. काकांनी नाही उचलली. मान हलवली आणि म्हणाले, “तुम्ही म्हणताय ना, मग झालं.” वहीत काहीतरी लिहिलं, नर्सबाईंची हात जोडून माफी मागितली आणि गेले. जाताना त्यांची चाल बदललेली होती, पण ते मला नंतर जाणवलं. तेव्हा मला फक्त सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं.

मंगळवारी घरात कोणी नसताना मी एक फरशी उचकटली. माती उकरली. सांधा वीतभर खाली होता आणि त्याच्या वर, काडीच्या अंगातून, माझ्या अंगठ्याएवढी जाड मुळं चारी बाजूंना गेली होती. मी माती लोटली आणि फरशी परत बसवली.

आता रविवारी जाईन तेव्हा सांगेन, असं ठरवलं. एकट्याला गाठून, बांधाबांध चाललेली असताना, सहज बोलल्यासारखं. बुधवारी एका शाळेचे ऐंशी गणवेश आले. गुरुवारी मशीनचा पट्टा तुटला. शुक्रवारी मी दुकानातून रोपवाटिकेपर्यंत गेलो, फाटकाजवळ उभा राहिलो, आतून कुदळीचा आवाज येत होता. कामात आहेत, म्हटलं, रविवारीच बरं. चोराच्या मनात चांदणं. फाटकाची कडी काढायला हात गेला नाही.

रविवारी गेलो तर वाफा नव्हता.

चारही ओळी उपटलेल्या. जमीन खणून उलटीपालटी केलेली आणि कोपऱ्यात खुंटांचा ढीग, मुळं वर आलेली, सुकत पडलेली. शुक्रवारी आणि शनिवारी त्यांनी एकट्याने खणलं होतं. तळहात सोलवटले होते, त्यावर काकूंनी चिंध्या बांधल्या होत्या. काका बाकावर बसले होते.

“हे काय केलंत?” मी ओरडलोच.

“बाहेरचा खुंट शिरला असणार कुठूनतरी,” ते म्हणाले. “माझ्याच डोळ्यांसमोर शिरला आणि मला दिसला नाही. एक शिरला की त्याची पिलावळ किती झाली, कुठल्या ओळीत गेली, कोण सांगणार? झाड उंच होतं की नाही हे कळायला पाच-सहा वर्षं जातात. तोवर मी लोकांना काय तोंडाने देऊ?”

“एक ओळ तरी ठेवा म्हणाले मी,” काकू दारातून म्हणाल्या. “एक ओळ. ऐकतील तर शपथ.”

“कुठली ठेवू?” काका म्हणाले. “चांगली कुठली ते ठाऊक असतं तर सगळ्याच ठेवल्या असत्या.”

मी उभा होतो आणि सांगू शकत होतो. पण सांगून आता काय उपयोग, असं एक नवं कारण मला तिथल्या तिथे मिळालं. बैल गेला आणि झोपा केला. खुंट सुकलेत, परत लागणार नाहीत, मग उगाच त्यांना अजून त्रास कशाला. त्यांच्या भल्याचाच विचार करतोय असं मी स्वतःला पटवलं. खरं म्हणजे मी घाबरलो होतो, दुसरं काही नाही.

पुढच्या आठवड्यात ते करवत घेऊन माझं झाड कापायला आले. कोणी बोलावलं नव्हतं. कापून झाल्यावर म्हणाले, “बुंधाही उपटू या. मला मुळं बघायची आहेत. कुठल्या जातीचा खुंट शिरला ते तरी कळेल.”

“नको,” मी म्हणालो. “फरशा फुटतील.”

हे दुसरं ‘नाही’. पहिलं तोंडातून निसटलं म्हणता येईल, हे विचार करून म्हटलेलं होतं. त्यांनी फरशांकडे पाहिलं आणि आग्रह केला नाही. दर वसंतात त्या फरशांच्या फटीतून फुटवे येतात. मी ते दुकानातल्या कात्रीने कापतो, बायको उठायच्या आत.

काकांनी वही काढून घरोघर जाऊन सांगितलं, तुमचं झाड कदाचित उंच जाईल, गेलं तर मी कापून देईन. लोक म्हणाले, अहो, आमचं तर बुटकंच आहे. त्यावर ते म्हणायचे, नशीब तुमचं. चाळीस झाडं सात-आठ फुटांवरच थांबली होती, पण त्यांना दिसत होतं ते एक अठरा फुटी. बाहेरून खुंट आणून त्यांनी थोडी कलमं बांधली, मग तेही सोडलं. बांधताना तीन-तीनदा सोडून परत बांधायचे. फाटकावरची पाटी उतरवली. फुलझाडांच्या कुंड्या आणि मिरची-टोमॅटोची रोपं ठेवायला लागले. दोन वर्षांत माणूस दहा वर्षांनी म्हातारा दिसायला लागला. गेल्या वेळी शर्टाचं माप घेतलं तर उंची दीड इंच कमी भरली. मी टेप पुन्हा लावली नाही, तसंच लिहून घेतलं.

तरी मी रविवारी जात होतो. न जाण्याचं धाडस नव्हतं आणि सांगण्याचंही नव्हतं. जाऊन काय करायचो, तर कुंड्यांना पाणी घालायचो, जड पोती उचलायचो, शर्टांची शिलाई घ्यायचो नाही. काकू म्हणायच्या, मास्तरांसारखी माया लावणारी माणसं राहिली नाहीत.

मागच्या महिन्यात आमच्या लेकीने घर घेतलं. तिच्याही घरामागे छोटी जागा आहे, आमच्यापेक्षा थोडी मोठी. ती म्हणाली, बाबा, मला बुटकेकाकांकडे घेऊन चला, ते मला प्रश्न विचारतील ना तुम्हाला विचारले तसे? घरात तिने ती गोष्ट शंभरदा ऐकली होती. तिने कागदावर जागेचा नकाशा काढला होता, ऊन, वारा, नळ, शेजारची खिडकी, सगळं दाखवून. प्रश्न विचारायच्या आत उत्तरं तयार.

काकांनी नकाशा हातात घेतला. बराच वेळ बघितला. बोट एका कोपऱ्यावर गेलंसुद्धा, आणि मला वाटलं आता म्हणतील, इथं आलुबुखार, इथं हेझलनट दोन. मग त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि तिला परत दिला.

“मला नको विचारूस, बेटा. मोठ्या दुकानातून आण. लेबल बघून घे. माझं सांगणं चुकतं.”

परत येताना लेकीने नकाशाची घडी पुन्हा उघडली. मग म्हणाली, “त्यांना काय झालं, बाबा? असे नव्हते ते.”

मी तिला सांगितलं नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि मी त्या ओट्यावर बसून रोज चहा पिते?” एवढंच. सकाळी मी उठलो तेव्हा तिने माझ्या चपला दारात सरळ करून ठेवल्या होत्या.

काका मागच्या अंगणात मिरचीची रोपं सुटी करत होते. मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो आणि सांगून टाकलं. सांध्याला माती चढवली होती. मीच. पहिल्याच वर्षी.

त्यांचे हात थांबले. मी शिव्यांची वाट बघत होतो. खरं तर शिव्या हव्याच होत्या.

“किती?” त्यांनी विचारलं.

“वीतभर.”

“सांधा पूर्ण बुडाला?”

“पूर्ण. वरून मुळं फुटलीत. अंगठ्याएवढी.”

“वरच्या काडीतून? सांध्याच्या वरून, नक्की?”

“मी स्वतः पाहिलीत.”

ते उठले. गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू, पण उठले ते पूर्ण उंचीचे उठले. चेहरा असा झाला होता की मला बघवेना. आनंद झाला होता त्यांना.

“म्हणजे माझे खुंट चोख होते,” ते म्हणाले. मग घराकडे वळून मोठ्याने ओरडले, “अगं ए! बाहेर ये! ऐकलंस का, माझं चुकलं नव्हतं! वाफा चोख होता! मास्तरांनी माती चढवली होती, माझं काही चुकलं नव्हतं!”

आणि ते हसायला लागले. माझ्या खांद्यावर हात ठेवून हसायला लागले. मी त्यांचं वाटोळं केलं होतं आणि ते माझा आधार घेऊन हसत होते. म्हणाले, अहो, माती चढवतात लोक, तुम्ही काय पहिले आहात होय, मीच फरशी उचलायला हवी होती. म्हणाले, तुमच्या लेकीला उद्याच घेऊन या, तो नकाशा आणायला सांगा, त्या कोपऱ्यात आलुबुखार मस्त येईल.

काकू ओले हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या हसल्या नाहीत.

“तुम्हाला हे कधी कळलं, मास्तर?” त्यांनी विचारलं.

काकांनी हे विचारलंच नव्हतं. त्यांना वाटलं होतं मला आत्ता, काल-परवा, फरशी काढताना कळलं असेल. मीही तसं म्हणू शकलो असतो. फक्त ‘परवा’ म्हणायचं होतं. काका हसत होते, खांद्यावरचा हात तसाच होता, आणि ‘परवा’ म्हटलं असतं तर तो तसाच राहिला असता.

“त्याच दिवशी,” मी म्हणालो. “काका टेप घेऊन आले त्या सोमवारी. त्यांनी विचारलं तेव्हाच.”

काकांचं हसू थांबायला थोडा वेळ लागला. त्यांनी खांद्यावरचा हात काढला. मनातल्या मनात दिवस मोजत असावेत, ओठ हलत होते. मग ते माझ्याशी बोलले. आवाजात राग नव्हता, आठवून सांगावं तसं सांगत होते.

“सोमवारी?” ते म्हणाले. “वाफा शुक्रवारपर्यंत होता, मास्तर.”